दुखणं बंद करायचं, पण कशासाठी?

दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे साडेतीन वाजता मी मोबाईलवर उंदरांच्या हाडांबद्दलचा एक शोधनिबंध वाचत होतो. बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात. शेजारी मामी शाल गुंडाळून, पाय पोटाशी घेऊन झोपली होती. आत कॉटवर मामा जागे होते. त्यांच्या उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती.

मामा-मामी ऊसतोडीला जातात. आमच्या धारूर-वडवणी पट्ट्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातं आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादम कोयत्याप्रमाणे उचल देतो, ती सीझनभर ऊस तोडून फेडायची. मामा डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत होते. फळी दवानं ओली होती. पाय सटकला आणि हातावर पडले. तिकडेच कुणीतरी कच्चं प्लॅस्टर घातलं, आणि 'आपल्या मुलखात जाऊन बघू' म्हणत दोघं परत आली. मी पुण्याहून गाडी काढून पोचलो तेव्हा अपघाताला दोन दिवस होऊन गेले होते आणि मामा दोन रात्री झोपले नव्हते.

सकाळी ऑपरेशन होतं, प्लेट टाकायची होती. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम संध्याकाळीच सांगून गेल्या होत्या : पूर्ण भूल द्यायची नाही, फक्त हात बधिर करायचा. गळ्याच्या हाडापाशी, हाताकडे जाणाऱ्या सगळ्या नसा जिथे एकत्र असतात, तिथे सोनोग्राफीत बघून इंजेक्शन द्यायचं. याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात.

आता मी सॉफ्टवेअर इंजिनियर. माणूस दवाखान्यात असला की आमची जमात काय करते, तुम्हाला ठाऊक आहे. मी 'नर्व्ह ब्लॉक' आणि 'हाड जुळणं' असे दोन शब्द एकत्र शोधले.

*

जे वाचलं ते थोडक्यात सांगतो, कारण ते खरोखर चकित करणारं आहे.

आपण समजतो की नस म्हणजे वायर. हाड मोडलं, वायरीतून मेंदूला निरोप गेला, दुखलं. पण हाडावरच्या पातळ आवरणात नसांचं दाट जाळं असतं आणि हाड मोडलं की त्या नसा स्वतः कामाला लागतात. मोडलेल्या जागेत 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' नावाचं एक प्रथिन तयार होतं. त्याच्या ओढीनं संवेदना वाहणाऱ्या नसांना नवे धुमारे फुटतात आणि त्या जखमेत शिरतात. त्यांच्यामागून रक्तवाहिन्या येतात, मग नवं हाड. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये नसांना मिळणारा हा इशारा बंद करून पाहिला. तेव्हा नसा कमी वाढल्या, रक्तवाहिन्या कमी वाढल्या आणि हाड जुळायला वेळ लागला. म्हणजे जी नस ठणकते, तीच बांधकामालाही हातभार लावते. बातमीदार आणि गवंडी एकच.

पहाटे साडेतीनला मी यातून निष्कर्ष काढला : मामांना ब्लॉक द्यायला नको. दुखणं मारलं तर हाड जुळणार नाही.

सहा वाजता मामांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "लेका, दुखतंय किती ते मला कळतंय. मोडलंय किती ते डाक्टरला कळतंय. तुला काय कळतंय ते सांग."

मी डॉक्टर मॅडमना गाठलं. त्या रात्रभर जाग्या असाव्यात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मोबाईलवरचा निबंधही वरवर पाहिला. मग म्हणाल्या, "तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. पण उंदरांमध्ये तो इशारा नीट बंद करून ठेवला होता. माझं औषध उद्या सकाळपर्यंत उतरेल. हाड जुळायला तीन महिने लागतात. तीन महिन्यांतल्या एका दिवसानं हाड अडतं, असा माणसांमधला ठोस पुरावा कुणाकडे नाही. आणि ब्लॉक नको तर दुसरं काय द्यायचं? पूर्ण भूल दिली तरी शुद्धीवर आल्यावर दुखणारच. मग जास्त गोळ्या, जास्त इंजेक्शनं. त्यातल्या काही गोळ्यांनीही प्राण्यांमध्ये हाड उशिरा जुळल्याचं दिसलंय."

मी गप्प. जाता जाता त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली : "हात बधिर असताना आत सूज वाढून रक्तपुरवठा आवळला गेला, तर एरवी पेशंट ओरडतो. हे ओरडणार नाहीत. म्हणून रात्रभर दर तासाला कुणीतरी बोटं बघायची. नख दाबायचं, पांढरं होतं, सोडलं की परत गुलाबी होतं का ते बघायचं. सिस्टर बघतील, तुम्हीही बघा." दुसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न : "हे कामावर कधी जाणार?"

पहिली गोष्ट मी केली. दुसऱ्या प्रश्नाला मी "बघू" म्हणालो.

*

दुखणं चांगलं की वाईट? हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर अध्यात्माकडे सरकतो. सोसण्याचं आपल्याला कौतुक आहे. आमच्या आजोबांचा हात मोडला तेव्हा गावच्या हाडवैद्यानं चौघांना धरायला लावून तो ओढून बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि आजोबांनी 'हूं की चूं' केलं नाही, ही गोष्ट घरात अजून अभिमानानं सांगतात. मला ती नेहमी आवडायची. नंतर लक्षात आलं की ती सांगणाऱ्यांपैकी कुणाचाच हात तसा ओढला गेलेला नाही. सोसण्याचे पोवाडे बहुतेक वेळा बघणारे गातात. पहाटे साडेतीनला मीही तेच करत होतो, फक्त माझ्या पोवाड्याला शोधनिबंधाचा आधार होता. दोन रात्री न झोपलेल्या माणसानं आणखी सोसावं, असं मी त्याच्या भल्यासाठी ठरवत होतो.

पण उलट टोकही खरं नाही. दुखणं म्हणजे नुसता त्रास, तो काढला की झालं, असं असतं तर कुष्ठरोग वेगळा दिसला असता. आनंदवन माहीत असलेल्या महाराष्ट्रात आपल्याला वाटतं की या रोगानं बोटं झडतात. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि त्यांनी वर्षानुवर्षं हातपाय बघून दाखवून दिलं की बोटं 'झडत' नाहीत. रोग नसा मारतो, दुखणं बंद होतं आणि मग माणूस स्वतःच्या नकळत हात वापरून वापरून संपवतो. गरम भांडं उचलतो, खिळा रुतलेल्या पायानं दिवसभर चालतो. काहींची बोटं रात्री कमी व्हायची, त्याचं कारण निघालं उंदीर. झोपेत कुरतडायचे आणि कळायचंच नाही. मग घरी जाणाऱ्या पेशंटला मांजर द्यायला सुरुवात झाली.

ब्रँड पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी एक यंत्र करून पाहिलं. हातमोज्यात, पायमोज्यात सेन्सर, जोर जास्त पडला की कानात आवाज. पेशंट आवाजाकडे दुर्लक्ष करायचे. मग आवाजाऐवजी शरीराच्या ज्या भागात संवेदना शाबूत आहे तिथे विजेचा झटका. तेव्हा पेशंट काय करायचे? काम अवघड आलं की यंत्राचा स्विच बंद करायचे, काम उरकायचे आणि पुन्हा स्विच चालू करायचे. पाच-एक वर्षं खटपट करून ब्रँडनी नाद सोडला. दुखणं उपयोगी पडतं, कारण त्याचा स्विच आपल्या हातात नसतो.

हे वाचून मला हसू आलं. आमच्या टीममध्ये रोज हेच चालतं. सर्व्हरवर काही बिघडलं की रात्री दोन वाजता फोन वाजतो, याला आम्ही अलर्ट म्हणतो. रोज तोच अलर्ट वाजू लागला की कुणीतरी वैतागून तो म्यूट करतं. सगळ्यांना शांत झोप लागते. मग एके दिवशी डिस्क भरते आणि सगळंच बंद पडतं. पण म्यूट करणं हाच गुन्हा, असंही नाही. दुरुस्ती चालू असताना आम्ही अलर्ट मुद्दाम बंद ठेवतो. नियम एवढाच की त्या वेळात एक माणूस स्क्रीनसमोर बसून राहायचं. अलर्टनं जे काम केलं असतं ते त्यानं करायचं.

डॉक्टर मॅडमनी नख दाबायला सांगितलं, ते हेच होतं. त्यांनी दुखणं बंद केलं आणि दुखण्याची ड्यूटी सिस्टरला आणि मला वाटून दिली.

*

दुखणं नेमकी कोणती कामं करतं? मला तीन दिसतात. एक, बातमी देतं. दोन, नस आतल्या आत बांधकामाला मदत करते. इथे दुखणं आणि नस वेगळे धरायला हवेत, कारण दुखणं कमी केलं तरी प्रत्येक वेळी नसेचं ते काम थांबतंच असं नाही. तीन, दुखणं जबरदस्तीनं विश्रांती घ्यायला लावतं. हात हलवला की कळ येते, म्हणून आपण हलवत नाही. तिसरं काम सगळ्यात साधं आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

म्हणजे नैतिक प्रश्न 'दुखणं मारावं की नाही' हा उरत नाही. प्रश्न असा : जो दुखणं बंद करतो, त्यानं त्याची ही कामं कुणाच्या अंगावर दिली? की कुणाच्याच नाही?

औषध कंपन्यांनाही हा प्रश्न भोवला आहे. टॅनेझुमॅब नावाचं औषध गुडघेदुखीसाठी आलं होतं. मघाशी सांगितलेलं नर्व्ह ग्रोथ फॅक्टर ते बांधून टाकतं. दुखणं खरंच कमी व्हायचं. पण काही पेशंटचे सांधे झपाट्यानं झिजून गेले. २०१० मध्ये अमेरिकेत चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या, पण २०२१ मध्ये सल्लागार समितीनं १९ विरुद्ध १ मतांनी विरोधात कौल दिला आणि कंपन्यांनी औषध सोडून दिलं. सांध्यावर भार तसाच पडत होता, 'थांब' म्हणणारं मात्र कुणी नव्हतं.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. २०१९ मध्ये बीड देशभर गाजलं ते ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांमुळे. आमच्याकडे त्याला 'पिशवी काढणं' म्हणतात. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कारणं बरीच होती : फडात ना पाणी ना संडास, पाळीत मोळ्या उचलणं, न भरून येणारे आजार, कॅन्सरची घातलेली भीती, आणि खाडा. एक दिवस कामावर गेलं नाही की मजुरी बुडते, वर दंड कापला जातो. पोटात दुखतं म्हणून बसलं की खाडा. मग दुखणारी गोष्टच काढून टाकलेली बरी, असा हिशोब पडतो.

माझ्या मामीचीही पिशवी काढलेली आहे. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. लहानपणी मला एवढंच सांगितलं होतं की 'मामीचं ऑपरेशन झालं, आता तिला बरं वाटतंय.' ती पुढच्या सीझनला फडात होती, म्हणजे बरंच वाटत असणार, असं मी धरून चाललो.

मामांना दिलेला ब्लॉक आणि मामीचं ऑपरेशन, दोन्हींत दुखणं थांबवलं गेलं. ब्लॉकनंतर मामा दोन रात्रींनी पहिल्यांदा झोपले. ऑपरेशननंतर मामी कामावर गेली. माझ्या दृष्टीनं सगळा फरक इथे आहे. एका ठिकाणी थांबलेल्या दुखण्याच्या जागी एक माणूस जागा राहिला. दुसऱ्या ठिकाणी त्या जागी कोयता आला.

*

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला सहज उडवून लावता येत नाही. मामी स्वतः हो म्हणाली होती. क्रिकेटपटू इंजेक्शन घेऊन मॅच खेळतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. मी स्वतः पाठदुखीची गोळी घेऊन रिलीजच्या रात्री बसलोय. मोठ्या माणसानं स्वतःच्या शरीराबद्दल घेतलेल्या निर्णयात लुडबूड करणारा मी कोण? पुण्यात गाद्यांच्या खुर्चीत बसून 'ताई, विश्रांती घ्या' म्हणणं म्हणजे आजोबांच्या सोसण्याचं कौतुक करण्यासारखंच फुकटचं आहे.

मान्य. म्हणून मी 'त्यांनी गोळी का घेतली' असं विचारणार नाही. मी विचारेन, गोळी न घेता बसून राहिले असते तर काय झालं असतं? क्रिकेटपटू बसला तर मॅच हुकते. मी बसलो तर मॅनेजर तोंड वाकडं करतो आणि सिक लीव्ह कापली जाते, पगार नाही. मामा बसले तर कोयता अर्धा होतो, उचल अंगावर राहते आणि पुढच्या सीझनला व्याजासारखी मानेवर बसते. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी तरी कुठून आणू. विश्रांतीची किंमत जितकी जास्त, तितकं त्या 'हो'चं वजन कमी. दुखण्याचं तिसरं काम, थांबवण्याचं, समाजानं आधीच निकामी केलेलं असतं. दुखत असूनही थांबता येत नसेल, तर मग दुखून तरी काय उपयोग? गोळी घेणं तिथे शहाणपणाचंच ठरतं.

आणि इथे माझी स्वतःची गोष्ट येते, जी मी इतका वेळ टाळत होतो.

मामांच्या अंगावर उचलीपैकी साठेक हजार फिटायचे बाकी होते. मला ते माहीत होतं. ऑपरेशननंतर मी मामीच्या हातात दहा हजार ठेवले, मला फार बरं वाटलं आणि मी पुण्याला निघून आलो. साठ हजार माझ्याकडे होते. फ्लॅटच्या बुकिंगसाठी बाजूला ठेवलेले होते. 'हे कामावर कधी जाणार?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी 'बघू' म्हणालो होतो. खरं उत्तर त्या साठ हजारांत होतं.

पाचव्या आठवड्यात फोन केला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी विचारलं, "मामा, दुखतंय का?" ते म्हणाले, "न्हाय, आता काय दुखत न्हाय." मी म्हणालो, "वा, मस्त." फोन ठेवला. ते फडात आहेत हे मला आवाजावरून कळलं होतं. मेडिकलमधून पाकीट घेऊन सकाळ-संध्याकाळ गोळी चालू होती, हे नंतर कळलं. पण त्या क्षणी मी 'दुखत नाही' हे 'जुळलं' असं ऐकलं, कारण तसं ऐकणं मला परवडत होतं.

उंदरांच्या नसांबद्दल मी पहाटे साडेतीनपर्यंत जागून वाचलं होतं. एका दिवसाच्या ब्लॉकवर डॉक्टरांशी वाद घातला होता. आणि हाडाला लागणाऱ्या तीन महिन्यांवर एक वाक्य बोललो नव्हतो. एका दिवसावर वाद घालायला काही पडत नाही, तीन महिन्यांचे पैसे पडतात.

पट्टा पडल्यावर मामा गावी आले तेव्हा हात किंचित वाकडा दिसत होता. एक्स-रेमध्ये स्क्रू ढिले झालेले आणि एक हाड न जुळलेलं. जूनमध्ये दुसरं ऑपरेशन ठरलं.

*

या वेळी मी पंधरा दिवस रजा घेतली. उचलीचं मुकादमाशी बोलून मिटवलं. फ्लॅट पुढे ढकलला, त्यानं माझं काही अडलं नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. सहा महिने आधी केलं असतं तर दुसरं ऑपरेशनच लागलं नसतं, असं मला राहून राहून वाटतं. आणि माझ्यासारखा भाचा नसलेले कोयते आमच्या गावातच किती आहेत, ते मी मोजू शकतो. भाच्याच्या रजेवर चालणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे.

पुन्हा ब्लॉकच द्यायचं ठरलं. मी एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी मामांना वॉर्डात आणलं तेव्हा ते डाव्या हातानं उजवा हात उचलून बघत होते, जसं काही शेजाऱ्याचं सामान सांभाळायला दिलंय. म्हणाले, "हात हाय, पन माझा न्हाय." मग थोड्या वेळानं झोपले. तोंड उघडं टाकून, घोरत.

मामीला मी घरी पाठवलं होतं. मोबाईलमध्ये दर तासाचा गजर लावला. दहा, अकरा, बारा. गजर झाला की त्यांच्या बोटाचं नख दाबायचं, सोडायचं. नखाखाली मातीची काळी रेघ कायमची बसलेली. पांढरं व्हायचं, मग हळूहळू गुलाबी.

पहाटे चारच्या सुमाराला त्यांनी डोळे उघडले. "आरं, झोप की. दुखत न्हाय मला."

"माहितीये," मी म्हणालो. "तुम्ही झोपा."